बाबांचा केसतोड

बाबा घरात कधी सदरा घालून बसले, असं मला लहानपणचं आठवत नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते. सकाळी बदलापूरहून सायकलने निघायचे, चिखलोलीच्या शेतांमधून जायचे आणि संध्याकाळी परत आले की सायकल भिंतीला, सदरा खुंटीला, बनियन दोरीवर आणि बाबा ओट्यावर, हा क्रम ठरलेला. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बैठ्या चाळीतले बहुतेक पुरुष असेच उघडे बसत. उकाडा तर होताच, पण पुरुषाच्या छातीकडे बघण्यासारखं काही असतं असं कुणाला वाटतही नसे. बाबांची छाती भरपूर केसाळ होती. आई त्यावरून त्यांना अस्वल म्हणायची, तेही चारचौघांत.

हे आधी सांगते, कारण बाबांच्या छातीतली गाठ लपून राहिली होती असा कुणाचा समज होऊ नये. ती रोज संध्याकाळी जेवणवेळेपर्यंत सगळ्या चाळीसमोर उघडी बसलेली असे.

मी अकरावीत होते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आई बाबांना तेल लावत होती, तेव्हा डाव्या बोंडाखाली तिच्या बोटाला चिंचोक्याएवढं काहीतरी लागलं. तिने दोनदा चाचपून पाहिलं आणि केसतोड दिसतोय म्हणाली. छातीवरचा केस मुळाशी तुटला की तिथे गळू धरतं, त्याला आमच्याकडे केसतोड म्हणतात. अस्वलाला केसतोड होणारच, असंही ती म्हणाली. फराळाला आलेल्या शेजाऱ्यांनी गाठ पाहिली, पुढच्या रविवारी न्हाव्यानेही पाहिली आणि निदान एकमताने मान्य झालं.

केसतोड ठणकतो हे लहान पोरालाही माहीत असतं. बाबांचा ठणकत नव्हता. यावरून तो केसतोड नसावा असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाबांची सहनशक्ती दांडगी, असं सगळे म्हणाले आणि बाबांनाही ते पटलं.

मग घरचे उपाय सुरू झाले. गव्हाच्या पिठाचं पोटीस झालं, दुकानातलं काळं मलम झालं. गाठ ढिम्म हलली नाही. पौष महिन्यात काका आला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो गावी, बारवी धरणाच्या बाजूला, भातशेती करून राहायचा आणि दर वर्षी आमच्यासाठी नवा तांदूळ घेऊन यायचा. या दोघांची आई ते लहान असतानाच गेली होती. छातीला जखम झाली होती, ती बरी झाली नाही, एवढंच दोघांना माहीत होतं. बाबांनीच काकाला खांद्यावर घेऊन वाढवलेलं. त्यामुळे काकाला बाबांचं काहीही करायला मिळालं की फार बरं वाटायचं.

त्याने गाठ दाबून पाहिली आणि म्हणाला, याला मलम कसलं लावता, बिब्बा पाहिजे. बिब्बाही त्याच्या पिशवीत होताच. दिव्यावर धरून त्याने तो तापवला, सुईने टोचून काळं तेल काढलं आणि गाठीच्या भोवती चार ठिपके दिले. कातडी भाजून निघाली. बाबा दात आवळून बसले. काका शेजारी उकिडवा बसून फुंकर घालत होता.

दोन महिन्यांनी बनियनवर रुपयाएवढा रक्ताचा डाग दिसला. धुताना आईने तो पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. फुटला एकदाचा, म्हणाली. त्या दिवशी तिने शिरा केला आणि मीही तो दोनदा वाढून घेतला. गावाकडचं एक माणूस बाजाराला आलं होतं, त्याच्याबरोबर बाबांनी काकाला निरोप पाठवला की तुझ्या बिब्ब्याने काम केलं. काका इतका खूश झाला की गावात कुणाला साधी पुळी आली तरी तो बिब्बा घेऊन हजर होऊ लागला, असं नंतर कळलं. गाठ काही गेली नव्हती. बोंड आत ओढलं गेलं होतं आणि तिथे खळगा दिसत होता. पण गळू फुटलं की खड्डा पडायचाच, असं आम्ही आमचं ठरवलं.

पावसाळ्याच्या तोंडाला आईचा गुडघा दुखायला लागला, म्हणून आम्ही उल्हासनगरला एक नंबर कॅम्पात गेलो. तिथला एक म्हातारा सिंधी डॉक्टर हाडांच्या दुखण्यासाठी आमच्या चाळीत प्रसिद्ध होता. आईचा गुडघा बघून झाल्यावर आईनेच सहज म्हटलं, आलोच आहोत तर यांचा केसतोडही बघा. डॉक्टर हसत उठला. बाबांनी सदरा काढला तेव्हा त्याचं हसू थांबलं. त्याने गाठ पाहिली, मग बाबांचा हात वर करायला लावून काखेत बोटं घालून बराच वेळ चाचपलं. किती दिवस झाले, घरात आईला, बहिणीला कुणाला असं काही होतं का, हे विचारलं. बाबांनी आजीची जखम सांगितली. डॉक्टर खुर्चीवर बसला आणि कागद ओढून लिहायला लागला.

"मर्दों को भी होता है," तो म्हणाला. "कम होता है, पर होता है. कल ही बंबई जाओ."

काय होतं, हे त्याने तेवढंच स्पष्ट सांगितलं. बाबा सदऱ्याची बटणं लावत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, हिचा गुडघा दाखवायला आलो आणि मलाच गिऱ्हाईक केलं. आईने रस्त्यात दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरून ठेवला होता. आमच्या घरात हे कधी कुणी केलेलं नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातलं मी आईकडून ऐकलंय. बाकावर सगळ्या बायका, मध्ये बाबा. भिंतीवर तक्ते लावलेले, गाठ कशी तपासावी याचे. प्रत्येक तक्त्यावर बाईचं चित्र. बाबांनी तोंडासमोर पेपर धरला होता आणि पान उलटत नव्हते. आत बोलावलं तेव्हा नर्सने अंगात घालायचा झगा आईच्या हातात दिला. आईने तो बाबांकडे दिला, तेव्हा नर्सने कागद पुन्हा वाचला. बाकावरची एक म्हातारी सरकून बसत म्हणाली होती, बसा हो, इथे सगळी एकच जात. आईला ते फार आवडलं होतं. बाबांना आवडलं नसावं, कारण त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

ऑपरेशन ठरलं. आई-बाबा तीन आठवडे मुंबईला आत्येबहिणीकडे राहिले आणि मी घरी एकटी, म्हणजे चाळीच्या राखणीत. शेजारच्या काकूंनी विचारलं, कशाचं गं ऑपरेशन? मी म्हटलं, छातीचं. गाठ निघाली, कॅन्सरची. काकूंनी तोंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, वय तरी काय आहे तिचं."

मी गप्प बसले. एवढंच केलं मी, पण ते मीच केलं. "तिचं नाही, त्यांचं" हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते आणि मला लाज वाटली. कसली लाज, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाबांना बायकांचा रोग झाला, हे मला काकूंच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती बातमी सगळ्या चाळीत आईच्या नावाने पोचली होती.

ते दोघे परत आले तेव्हा मी झालेला घोळ सांगितला. बाबा म्हणाले, राहू दे. आईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. त्या दिवसापासून ती पदर तसाच घ्यायला लागली.

पुढचे महिने म्हणजे तमाशाच होता, पण हसायला कुणाला जमलं नाही. बायका मऊ भात आणि मुगाची आमटी घेऊन यायच्या, आईला उठू द्यायच्या नाहीत आणि हळूच तिच्या पदराकडे बघायच्या. बाबा डाव्या काखेत टाके घेऊन सार्वजनिक नळाच्या रांगेत उभे राहायचे, कारण ज्याची बायको आजारी त्यानेच पाणी भरायचं. बायकोसाठी माणूस किती करतो, म्हणून चाळीत त्यांचं कौतुक झालं. एका बाईने आपल्या नवऱ्याला त्यांचा दाखला दिला. शेवटी आईने पहाटे, चाळ उठायच्या आत, स्वतः पाणी भरून ठेवायला सुरुवात केली आणि दिवसभर आजारी म्हणून पडून राहायला लागली. एकदा मी तिला म्हटलं, सांगून टाकू या ना. ती म्हणाली, त्यांना जगू दे आधी.

बाबा जगले. डावा हात सुजायचा, सायकलच्या हँडलवर तो नुसता ठेवलेला असायचा. गोळ्या बरीच वर्षं चालल्या. कामावर कुणाला कळलं नाही, गावीही नाही. गावी तर काकालासुद्धा वहिनीचंच ऑपरेशन झालं, असं सांगितलं गेलं. आणि बिब्ब्याने बाबांचा केसतोड बरा झाला होता, हा पहिला निरोप तसाच राहिला. बाबांनी त्यानंतर बनियन काढला नाही. मे महिन्यातही नाही, विहिरीवर आंघोळ करतानाही नाही. काका चिडवायचा की दादाला शहराचं वारं लागलं. बाबा हसायचे.

एकोणीसशे नव्वद साल उलटून गेलं होतं. मी डी.एड. करून शाळेत लागले होते. आमच्या महिला मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये बायकांसाठी आरोग्य शिबिर घेतलं. डॉक्टरीणबाई आल्या, तक्ता लावला, त्यावर बाईचं चित्र होतं. पुरुषांना बाहेर जायला सांगून दारं लावून घेतली. सतरंज्या बाबांनीच घातल्या होत्या. ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. योगायोगाने काका त्याच दिवशी तांदूळ घेऊन आला होता, तोही त्यांच्या शेजारी बसला. आत सगळ्यांनी आईला आग्रह केला, यातून बरी झालेली तूच एक आहेस, दोन शब्द सांग.

आई उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. म्हणाली, "गाठ दुखत नसली तरी दाखवा. आम्ही आठ महिने केसतोड, केसतोड करत बसलो."

मागून कुणीतरी हसलं. बाईला कुठला गं केसतोड, असं एक जण म्हणाली आणि हॉलभर हशा पिकला. आईही कसनुसं हसली आणि खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, असं मला वाटलं, पण त्यांना पुढे बोलायचं होतं. त्या दिवशी त्या खोलीत जेवढं बोललं गेलं, त्यात आईचं ते वाक्य सगळ्यात उपयोगाचं होतं. ते ज्याने ऐकायला हवं होतं, तो बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसला होता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही भात झोडायला गावी गेलो. खळ्यावर काका उघड्या अंगाने पेंढ्या आपटत होता. हात वर गेला की छाती उन्हात यायची. डाव्या बोंडाभोवती बिब्ब्याचे चार काळे ठिपके होते आणि मधला भाग आत गेलेला होता. मी पाहिलं. आईने पाहिलं. बाबांच्या हातातली पेंढी हातातच राहिली, म्हणजे त्यांनीही पाहिलं. आम्हा तिघांना तोंडं होती. कुणीही ते उघडलं नाही. संध्याकाळी काकाच्या बायकोने, काकूने, शेंगोळे केले होते, ते आम्ही खाल्ले आणि सकाळच्या एसटीने परत आलो.

घरी आल्यावर आई बाबांसमोर उभी राहिली. मी तिला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"इतकी वर्षं तुमचं दुखणं मी अंगावर वागवलं," ती म्हणाली. "त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भावजींना तुम्ही सांगा. उद्याच्या उद्या."

बाबा म्हणाले, त्याचा केसतोडच असेल. सगळ्यांना काय आपलंच होतं?

तोच शब्द त्यांनी वापरला. हे ते थट्टेने बोलले नाहीत किंवा कोडगेपणानेही नाही. त्यांचा त्यावर खरंच विश्वास बसला होता, किंवा बसायला हवा होता. उद्याचे दोन दिवस झाले, मग ओव्हरटाइम निघाला, मग काकाला चिठ्ठी लिहितो म्हणाले, ती लिहिली नाही. आई रोज विचारायची. मग तिने बोलणंच सोडलं. मला बाबांचा इतका राग आला होता की मी त्यांना ताट वाढायचे आणि उठून जायचे. पण एसटी मलाही मिळत होती. शाळेला सुट्टी मलाही होती. हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

शिमग्याला आम्ही गेलो, म्हणजे चारेक महिने गेले होते. काका सुकला होता. होळीची लाकडं रचून झाल्यावर बाबा त्याला गोठ्यामागे घेऊन गेले. मी पाण्याची कळशी घेऊन विहिरीकडे निघाले होते ती तिथेच थांबले. बाबांनी सदरा काढला. मग बनियन काढायला लागले. सुजलेला हात अडकला, तो काकानेच सोडवला. ते व्रण मीही त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. उजवीकडे पिकलेले केस, डावीकडे काखेपासून बरगडीपर्यंत नुसती सपाट, चकचकीत कातडी.

काकाने त्यावर बोटं टेकवली.

"वैनीला कायच नव्हता?" त्याने विचारलं.

"नाही. माझंच होतं."

"आनि बिब्बा?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. काका ओरडला नाही. रागावला असता तर बाबांना सोपं गेलं असतं.

"तुझा बरा झाला म्हून मी माझ्यावं लावला, दादा," तो म्हणाला. आणि बनियन झटकून बाबांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी धुळवड होती, तरी आम्ही काकाला घेऊन उल्हासनगरला गेलो. तोच डॉक्टर, आणखी म्हातारा झालेला. त्याने काखेत बोटं घातली आणि या वेळी कुणाला काही विचारलं नाही. मुंबईत बाबा काकाच्या शेजारी त्याच बाकावर बसले, पेपर न घेता. नर्सने झगा काकूकडे दिला तेव्हा बाबा पुढे झाले आणि म्हणाले, याचा आहे, आणि मागे माझा होता. आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं. आईने हे सांगताना डोळे पुसले होते. फार काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. काका आधी आला असता तर काय झालं असतं, हे बाबांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी खरं उत्तर दिलं. ते बाबांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

काका त्यानंतर दीड वर्ष होता.

दहावा नदीवर झाला. आमच्याकडे बायका तिथे जात नाहीत. आम्ही वर रस्त्याला आंब्याखाली थांबलो होतो. तिथून दिसत होतं आणि बरंचसं ऐकूही येत होतं. भावकीतले पुरुष डोकी भादरून, उघड्या अंगाने ओळीने बसले होते. इतक्या वर्षांत बाबा कुठल्याही दहाव्याला बनियनवर उपरणं घट्ट गुंडाळून बसत. त्या दिवशी त्यांनी दोन्ही काढून, घडी करून दगडावर ठेवलं. लोक बघायला लागले आणि मग बघायचं टाळायला लागले.

पिंडाला कावळा पहिल्या फेरीतच शिवला. काकाची काही इच्छा राहिली नाही, असं लोक म्हणाले. मला ते पटलं नाही. कावळ्याला भूक लागली असेल.

माणसं उठायला लागली तेव्हा बाबांनी त्यांना थांबवलं. ऑपरेशन माझं झालं होतं, हिचं नाही, हे त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि रस्त्याकडे, आईकडे हात केला. नळ दुरुस्त कसा करायचा हे सांगावं तशा आवाजात त्यांनी गाठ कुठे असते, कशी लागते, हे स्वतःच्या उजव्या छातीवर दाखवलं. एक-दोघे खाली बघून हसले. एक म्हातारा म्हणाला, असलं आम्ही ऐकलं नाही कधी. बाबा म्हणाले, मी पण ऐकलं नव्हतं. मग ते ओळीच्या एका टोकाला गेले आणि एकेकाच्या समोर बसून छातीवर बोटं फिरवायला लागले. कुणाला नाही म्हणता आलं नाही; दहाव्याला घरच्या वडीलधाऱ्याला नाही म्हणत नाहीत. आई इकडे आंब्याखाली उभी होती. तिचा पदर एका खांद्यावर सुटा होता आणि तो वाऱ्याने उडत होता.

सगळ्यात शेवटी काकाचा मोठा मुलगा होता. त्याचं तेव्हा लग्न ठरलेलं होतं. तो दोन्ही हात छातीवर बांधून उभा राहिला.

"माझा काय दुखत नाय, मोठे बाबा," तो म्हणाला.

"माझंही दुखत नव्हतं," बाबा म्हणाले. "हात वर कर."